जुनी ई-क्लास काढून नवी घ्यावी का?

इंदूरच्या सुदामानगरातून एका वाचकांचं पत्र आलंय. वय 48, पीथमपुरात औषधांच्या पॅकिंगचा भागीदारीतला छोटा कारखाना. सप्टेंबर 2020 मध्ये त्यांनी स्वतःच्या नावावर मर्सिडीजची डिझेल ई-क्लास घेतली, ऑन-रोड 71 लाखांना. कर्ज फिटलंय आणि गाडी 58 हजार किलोमीटर चालली आहे. आता त्यांना नवी ई-क्लास घ्यायची आहे. पेट्रोलचं कोटेशन 91 लाख 50 हजारांचं आहे. शोरूम जुन्या गाडीचे 27 लाख धरतंय, तर देवासचे एक डॉक्टर 31 लाख एकरकमी मोजायला तयार आहेत. शोरूमलाच गाडी दिली तर 55 लाखांचं कर्ज काढायचं, 5 वर्षांसाठी, 9 टक्क्यांनी. उरलेले साडेनऊ लाख ठेवी मोडून भरायचे. त्या ठेवी 40 लाखांच्या आहेत आणि दोन वर्षांनी मुलीला बाहेरदेशी शिकायला पाठवण्यासाठी ठेवलेल्या आहेत. ते लिहितात, 'मेहुणे म्हणतात, उज्जैनच्या मेळ्यातून घ्या, टॅक्स अर्धा लागतो. शिवाय चांगल्या गाडीची किंमत टिकते. बायको म्हणते, आहे ती काय वाईट आहे? तुम्ही सांगा.'

मी वहिनींच्या बाजूने आहे, पण कारण वेगळं आहे. गाडी चांगली चालते म्हणून ती ठेवा, असं मी म्हणत नाही. तुम्ही 2020 मध्ये चुकीच्या वेळी गाडी घेतलीत आणि आता पुन्हा जवळजवळ तशाच वेळी घ्यायला निघाला आहात, म्हणून थांबा म्हणतो.

तुमच्या पिढीची ई-क्लास जगापुढे आली जानेवारी 2016 मध्ये आणि भारतात 2017 मध्ये. तिचं फेसलिफ्ट, म्हणजे पिढी तीच पण चेहरा बदललेलं रूप, कंपनीने मार्च 2020 मध्ये जाहीर केलं आणि ते आपल्याकडे पोचलं मार्च 2021 मध्ये. म्हणजे तुम्ही सप्टेंबरमध्ये चेक फाडलात तेव्हा नव्या चेहऱ्याचे फोटो सहा महिने जगभर फिरत होते. पुढच्या सहा महिन्यांत तुमची गाडी 'जुन्या शेपची' झाली. मागचे दिवे बदलले, स्टिअरिंग बदललं, डॅशबोर्डवरचे पडदे आणि त्यातली सिस्टीम बदलली. सेकंडहँड बाजारात गिऱ्हाईक आधी वर्ष विचारतं आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, 'नवा शेप की जुना?' तुमचे दोन-तीन लाख तरी त्या एका प्रश्नात गेले असावेत.

हे दर तीन-चार वर्षांनी का होतं, ते समजून घेण्यासारखं आहे. नवी पिढी तयार करताना डिझायनर खऱ्या मापाचं मातीचं मॉडेल बनवतात, त्यावर महिनोन् महिने हात फिरवतात, आणि एकदा आकार ठरला की दरवाजे, छत, बाजूचे पत्रे ठोकायचे भलेमोठे साचे बनतात. त्या साच्यांवरचा खर्च अनेक वर्षं गाड्या विकूनच वसूल होतो. म्हणून मधल्या टप्प्यात कंपनी पत्र्याला शक्यतो हात लावत नाही. बंपर, जाळी, दिवे, आतले पडदे एवढंच बदलते. कंपनीच्या दृष्टीने हा कमी खर्चातला बदल, पण तुमची गाडी रस्त्यात ओळखू येईल इतका जुनेपणा त्याने येतो. तुमचं मीटर 58 हजारांवर असो की 30 हजारांवर, भाव निम्मा त्या वेळापत्रकाने ठरतो.

आताची पिढी जगात दिसली एप्रिल 2023 मध्ये. आपल्याकडे ती ऑक्टोबर 2024 मध्ये आली, तेव्हा किंमत साडे-अठ्ठ्याहत्तर लाखांपासून होती. मागच्या चालीने मोजलं तर तिचं फेसलिफ्ट 2027 च्या आसपास आणि भारतात त्यानंतर वर्षभराने यावं. हा माझा अंदाज आहे, कंपनीने काही सांगितलेलं नाही. पण अंदाज बरोबर असेल तर आज घेतलेली 91 लाखांची गाडी तुमचं निम्मं कर्ज फिटायच्या आत पुन्हा जुन्या शेपची होते.

आता आकडे. तुमचे 71 लाख साडेपाच वर्षांत 31 झाले, म्हणजे 44 टक्के उरले, तेही डॉक्टरांचा चांगला भाव धरून. त्याच प्रमाणात नव्या गाडीचे साडेपाच वर्षांनी 40 लाख उरतील. साडेएक्कावन्न लाख झीज आणि साडेतेरा लाख व्याज मिळून 65 लाख, वर्षाला जवळजवळ 12. डिझेल-पेट्रोल, विमा, ड्रायव्हरचा पगार अजून यात धरलेला नाही. उलट हीच गाडी आणखी अडीच वर्षं ठेवली तर ती 31 वरून 20 वर येईल असं मी धरतो. सर्व्हिस सेंटरने पुढच्या वर्षाचा पावणेदोन लाखांचा अंदाज दिलाय असं तुम्ही लिहिलंय, मी दुरुस्तीला वर्षाला 2 लाख धरतो. एकूण 16 लाख, वर्षाला 6 लाख 40 हजार. BS6 (धुराच्या नव्या निकषांच्या) डिझेलचा एखादा सेन्सर किंवा सस्पेन्शनचा भाग रुसला तर एखादं वर्ष साडेतीन लाखांचंही जाईल. तरी ही वाट नव्या गाडीपेक्षा स्वस्तच पडते.

मेहुण्यांची पहिली गोष्ट खरी आहे. ग्वाल्हेरचा मेळा आणि उज्जैनचा विक्रमोत्सव व्यापार मेळा, दोन्हीकडे 2024 आणि 2025 मध्ये रोड टॅक्सवर 50 टक्के सूट मिळाली. तुमच्या कोटेशनमध्ये टॅक्स 10 लाख 78 हजार आहे, म्हणजे 5 लाख 39 हजार वाचतात. ही रक्कम लहान नाही. पण ही सूट सगळ्यांनाच मिळते, आणि उद्या तुमची उज्जैनच्या MP13 नंबरची गाडी घ्यायला येणारा माणूस मेळ्याचाच भाव धरून खाली मोजायला लागतो. घ्यायचीच ठरली तर मेळ्यातून घ्या. मेळा आहे म्हणून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, चांगल्या गाडीची किंमत टिकते म्हणे. टिकते की! इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांची ड्यूसेनबर्ग गाडी टिकली, पण तिची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगने त्यांच्यासाठी खास बांधली होती आणि तशी दुसरी नव्हती. तुमची गाडी चाकणच्या कारखान्यातून एकामागे एक निघते. (आणि त्याच होळकरांच्या माणिकबाग राजवाड्यात आता GST वाल्यांचं ऑफिस आहे, हे इंदूरकरांना सांगायला नको.)

GST चा विषय निघालाच आहे तर, मागच्या वर्षी जुन्या गाडीला 34 लाख मिळत होते, आता 31, अशी तुमची हळहळ आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून मोठ्या गाड्यांवर 28 टक्के GST आणि वरचा सेस जाऊन सरळ 40 टक्के लागतो. मोठ्या सेडानवर आधी मिळून 48 टक्के होत होते. नवी स्वस्त झाली की जुनी आपोआप उतरते. भरीला दिल्लीतल्या डिझेल गाड्या आहेत. तिथे दहा वर्षांच्या डिझेलवर 2015 पासून बंदीची टांगती तलवार असल्यामुळे त्या स्वस्तात इकडे येतात आणि देवासच्या डॉक्टरांच्या मोबाइलवर तुमच्या गाडीशेजारीच दिसतात. तुमची बाजू एवढीच की गाडी एकहाती आहे, इंदूरच्या MP09 नंबरची आहे आणि सगळी सर्व्हिस एकाच ठिकाणी झालेली आहे. ती फाइल नीट ठेवा.

तुमचे सीए म्हणतात नवी गाडी फर्मच्या नावावर घ्या. 15 टक्के घसारा मिळतो, व्याज खर्चात जातं, हे ठीक. पण गाडीवर भरलेल्या GST चं क्रेडिट तुम्हाला मिळणार नाही. आणि घसारा घेतलेली गाडी फर्मने विकली की विक्रीची रक्कम वह्यांतल्या किमतीपेक्षा जितकी जास्त, तेवढ्यावर 18 टक्के GST, मग घेणारा शेजारी का असेना. तुमच्या नावावरच्या आताच्या गाडीला यातलं काही लागत नाही. ती घरच्या वापराची वस्तू आहे, विकली तर कर नाही आणि तोटा दाखवूनही काही मिळत नाही.

मला खरी काळजी मुलीच्या पैशांची आहे. 55 लाखांचा हप्ता 1 लाख 14 हजार. दोन वर्षांनी शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून तुम्ही सही कराल, तेव्हा बँक हा हप्ता तुमच्या उत्पन्नातून आधी वजा करेल. ठेवीतून साडेनऊ लाख काढले तर कर्ज तेवढंच जास्त लागेल. तेव्हा त्या 40 लाखांना हात नको, शोरूममध्ये कितीही छान कॉफी पाजली तरी.

मी काय करीन? हप्ता भरायची तयारी आहे म्हणता, तर त्यातले 75 हजार दर महिन्याला लिक्विड फंडात (हवे तेव्हा काढता येतील अशा म्युच्युअल फंडात) टाका. अडीच वर्षांत मुद्दलच साडेबावीस लाख होतं. तेव्हा जुनी 20 ला काढा आणि आताच्याच पिढीची, पहिल्या मालकाची, तीन वर्षं झालेली गाडी बघा. तोवर फेसलिफ्ट आलं असेल तर ती 'जुन्या शेपची' म्हणून भाव पाडून मिळेल. या वेळी तो प्रश्न तुम्ही विचारायचा. विम्याच्या तक्त्यात तीन ते चार वर्षांच्या गाडीची किंमत 40 टक्के कापून धरतात. आजच्या 77 लाखांच्या एक्स-शोरूमला ती 46 लाख 20 हजार होते, आणि घासाघीस तिथून खाली सुरू करायची. तुमच्या खिशात साडेबेचाळीस असतील. कमी पडणारे चारेक लाख कारखान्याच्या एका बोनसमध्ये निघतील.

गाडी काढाल तेव्हा दोन गोष्टी विसरू नका. एक, पैसे खात्यात आले म्हणून व्यवहार संपत नाही. फॉर्म 29 आणि 30 भरून आरसीवर नाव बदलेपर्यंत मागे लागा. नोंदणीत ज्याचं नाव, अपघाताच्या भरपाईसाठी तोच मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलंय. दोन, पाच वर्षं क्लेम न घेतल्यामुळे तुमचा नो क्लेम बोनस 50 टक्के झालाय. तो गाडीचा नाही, तुमचा आहे. विकताना विमा कंपनीकडून पत्र घ्या, ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या ओन डॅमेज प्रीमियममध्ये (आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या हप्त्यात) निम्मी सूट मिळते. तुम्ही पाठवलेल्या कोटेशनमध्ये शोरूमने ती कुठेच धरलेली नाही.

देवासच्या डॉक्टरांनी बयाणा देऊ केला असेल तर तो घेऊ नका. एवढ्यात विकत नाही असं साफ सांगा, पण नंबर जपून ठेवा. 31 एकरकमी म्हणणारं गिऱ्हाईक आहे.