मराठी माध्यमातल्या मुलीने इंग्रजी साहित्य घ्यावं का?

बारावीचा निकाल लागला की सिंधुदुर्गातले पालक हा प्रश्न हमखास घेऊन येतात. मुलीला बी.ए.ला इंग्रजी साहित्य घ्यायचंय, पण शिक्षण सगळं मराठी शाळेत. झेपेल का? आणि पुढे पोटापाण्याचं काय?

वेंगुर्ल्याकडचे एक आंबा बागायतदार असेच लेकीला घेऊन आले. "मॅडम, ह्या शिकान नोकरी खंय गावतली? हिका तर इंग्रजी बोलूक पण येणा नाय." मुलगी मान खाली घालून बसलेली.

मी तिला बोलायला लावलं नाही. साहित्याची पदवी म्हणजे स्पीकिंगचा क्लास नव्हे. तिच्यापुढे विल्यम ब्लेकची 'अ पॉयझन ट्री' ठेवली. १७९४ सालची, सोळा ओळींची, बहुतेक शब्द शाळेतलेच. मित्रावरचा राग बोलून टाकला, तो शमला. शत्रूवरचा मनातच ठेवला, तो वाढत गेला, त्याचं झाड झालं, त्याला सफरचंद धरलं. शत्रू रात्री बागेत शिरतो आणि सकाळी झाडाखाली आडवा पडलेला दिसतो.

दोन-तीन शब्दांसाठी तिने डिक्शनरी मागितली. पुन्हा वाचलं. मग मराठीतच म्हणाली, "पण सांगणारा शेवटी खूश झालाय. म्हणजे राग आधी त्यालाच बाधला ना?" वडिलांनी अर्थ विचारून घेतला आणि म्हणाले, "भुतूर ठेवलेलो राग असोच वाढता."

मला हेच पाहायचं होतं. कवितेतल्या 'ग्लॅड', म्हणजे 'खूश', या एका शब्दापाशी ती थांबली. असं थांबता येणाऱ्या मुलीचं इंग्रजी तीन वर्षांत सुधारतं. पहिलं वर्ष मात्र जड जातं, हे मी तिला स्पष्ट सांगितलं. शेक्सपिअरचं नाटक, जुन्या कादंबऱ्या, समीक्षा, भारतीय लेखकांचं इंग्रजी लेखन, हे सगळं मुळातून वाचावं लागतं. बाजारातल्या गाईडवर पास होता येतं, पण मग हाती काहीच लागत नाही. विंदा करंदीकर याच जिल्ह्यातल्या धालवलीचे. इंग्रजीचे प्राध्यापक झाले आणि त्यांनी 'किंग लिअर' मराठीत आणलं. मराठी पक्की असणं इथे भांडवलच आहे.

नोकरीचं उत्तर मी गोड करून देत नाही. नुसत्या बी.ए.वर चांगली नोकरी क्वचितच मिळते, पुढचा टप्पा आधीच ठरवावा लागतो. शाळेत शिकवायचं तर बी.एड. आणि पात्रता परीक्षा. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए.ला किमान ५५ टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा, राखीव प्रवर्गांना गुणांत सवलत आहे. पदवीनंतर तीन वर्षांची वकिली आहे, पत्रकारिता आणि भाषांतर आहे, एमपीएससीची राज्यसेवा तर कुठल्याही पदवीवर देता येते.

एका प्रकारच्या मुलांना मात्र मी हा विषय घेऊ देत नाही: ज्यांना फक्त फाडफाड इंग्रजी बोलायचंय. त्यांनी आवडीच्या विषयात पदवी घ्यावी आणि बोलण्याचा सराव वेगळा करावा.

या मुलीने इंग्रजी घेतलं. बी.एड. की वकिली, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरवायचं, असं बापलेकीचं ठरलं आहे. तोवर रोज दोन पानं डिक्शनरी घेऊन वाचायची, आणि वाचलेलं वडिलांना मालवणीत सांगायचं.