नाट्यमंडळासाठी अनुदानाचा अर्ज भरताय? आधी वस्ती ठरवा

‘नव्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचणार’ एवढ्याने भागत नाही. ‘इंदूरच्या मूसाखेडी वस्तीतल्या दोन शाळा, सहावी-सातवीची 120 मुलं, तीन दिवस शिबिर, चौथ्या दिवशी त्यांच्याच पटांगणात प्रयोग’ असं लिहा. मुलं हिंदी-माळवी बोलणारी. मराठी नाटक त्यांना कसं कळणार, तेही सांगा.

केंद्रीय संस्कृती मंत्रालयाच्या कार्यक्रम-निर्मिती अनुदानात खर्चाचे जास्तीत जास्त 75 टक्केच मिळतात. म्हणजे 2 लाखांच्या अंदाजपत्रकात किमान 50 हजार मंडळाचे. ते कुठून येणार हे मांडा.

दर्पण पोर्टल (स्वयंसेवी संस्थांच्या नोंदणीचं सरकारी संकेतस्थळ), पॅन, बँक, सगळीकडे नाव तंतोतंत एक हवं. नोंदणीत ‘मंडल’, पासबुकात ‘मंडळ’ एवढ्यावरूनही फाइल अडते. टेम्पोचंसुद्धा पक्कं बिल तेव्हाच घ्या. अनुदान कशावर खर्च झालं हे दाखवणाऱ्या उपयोगिता प्रमाणपत्राच्या वेळी सीए तेच मागतो.