तीनदा ‘गेली’, एकदा ‘गेले’, शेवटी ‘केले’

प्रश्न : मी परळला नाइट स्कूलमध्ये दहावी करतेय, दिवसा कामाला असते. शाळेच्या जिन्यात जोतिराव फुल्यांच्या ओळी रंगवल्यात : ‘विद्येविना मति गेली, मतीविना नीति गेली, नीतिविना गति गेली, गतिविना वित्त गेले, वित्ताविना शूद्र खचले, इतके अनर्थ एका अविद्येने केले.’ सरांनी रसग्रहण लिहून आणायला सांगितलंय आणि गाइडमध्ये नुसतं ‘शिक्षणाचे महत्त्व’ दिलंय. ही कविता आहे की घोषवाक्य? आणि अविद्या म्हणजे अडाणीपणाच ना, मग आमच्यासारख्यांनाच बोल लावलाय असं वाटतं.

उत्तर : ताई, आधी या ओळी मोठ्याने म्हणा, म्हणजे लगेच कळेल की ही कविताच आहे. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’च्या उपोद्घाताची ही सुरुवात. एका ओळीत जे गेलं तेच पुढच्या ओळीत कारण होऊन येतं, याला कारणमाला अलंकार म्हणतात, तो पेपरात नक्की लिहा. मति, नीति, गति हे यमकही बघा, जिना उतरावा तसं एकेक पायरी खाली नेतं.

पण खरी गंमत क्रियापदांत आहे. तीनदा ‘गेली’, एकदा ‘गेले’, म्हणजे सगळं आपोआप जातंय, कोणी नेलं ते कळतच नाही. मग ‘खचले’. पडले नाही, मेले नाही, खचले! आपल्याकडे पावसात डोंगराकडेची भिंत खचते ना, पाणी किती दिवस आत मुरत असतं ते कुणाला दिसत नाही, तसं. आणि मग शेवटी ‘केले’. ‘गेले’ आणि ‘केले’मध्ये फक्त ग चा क झालाय, पण तिथे पहिल्यांदा करणारा सापडतो, ‘अविद्येने’.

म्हणून तुमचा दुसरा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. शूद्र, म्हणजे इथे राबणारा शेतकरी, त्याने अनर्थ केले असं फुले म्हणतच नाहीत, तो खचलाय. अविद्या हा वेदांतातला मोठा शब्द, ब्रह्मज्ञान नसणं वगैरे, तो त्यांनी खाली आणून शेतकऱ्याच्या बांधावर ठेवला, आणि ही अविद्या शूद्रांवर लादली गेली हे त्याच पुस्तकात परत परत सांगितलंय. तुम्हाला बोल लावलेला नाही ताई, तुमची बाजू घेतलीय.

गाइडचं वाक्य हवं तर सुरुवातीला टाका, पण निम्मं पान ‘खचले’वर लिहा, तेही तुमच्या शब्दांत.