ध्रुवीय समुद्रातले सील पेंग्विनच खाऊन जगतात का?

वास्कोत ध्रुवीय संशोधन केंद्र असल्यामुळे गोव्यात हा प्रश्न वरचेवर विचारला जातो. पण पेंग्विन हे बहुतेक सीलांचे अन्न नव्हे. अंटार्क्टिकात सर्वाधिक संख्येने आढळणारा क्रॅबईटर सील मुख्यतः क्रिलवर जगतो: आपल्या गालमोसारखे (जवळ्यासारखे) दिसणारे, पण बोटाएवढे हे जीव तो पाण्यासकट तोंडात ओढतो आणि एकमेकांत बसणाऱ्या कंगोरेदार दातांच्या फटींतून पाणी तेवढे बाहेर सोडतो. वेडेल सील बर्फाखाली ६०० मीटरपर्यंत बुडी मारून मासे आणि माणक्या (स्क्विड) पकडतो, मात्र श्वासासाठी बर्फातली भोके दातांनीच खरवडून उघडी ठेवावी लागत असल्याने त्याचे दात वयाबरोबर झिजत जातात. पेंग्विनची शिकार करतो तो प्रामुख्याने लेपर्ड सील, आणि त्याच्याही आहारात क्रिलचा वाटा मोठा असतो. आर्क्टिकमध्ये तर पेंग्विनच नाहीत. तिथला रिंग्ड सील कॉड जातीचे छोटे मासे खातो.