वाचलेलं ध्यानातच राहीना

"मॅडम, पोरगी रात्रंदिवस पुस्तकात असते, पण टेस्टला बसली की काहीच आठवंना बघा." नीटच्या तयारीला मुलांना लातुरात ठेवणारे आईवडील हे इतक्यांदा सांगतात, की एकदा सविस्तर लिहायलाच हवं.

अशीच अकरावीतली एक मुलगी आली. नोट्स चार रंगांत, व्याख्या तोंडपाठ. मी पुस्तक मिटायला लावलं आणि कोऱ्या कागदावर प्रश्न लिहिला: सोयाबीनच्या रोपाला वाढायला ऊर्जा कुठून मिळते? तिनं आठवतील ते शब्द चौकटींत मांडले. सूर्यप्रकाश, हरितद्रव्य, ग्लुकोज, ऑक्सिजन, मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली श्वसनाची जागा), एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू). रेघाही भराभर जोडल्या.

"आता प्रत्येक रेघेवर लिही, यांचं नातं काय?"

ग्लुकोज आणि एटीपीमधल्या रेघेवर पेन्सिल थांबली.

"मॅडम, हे श्वसनाच्या धड्यात येतं. हा तर प्रकाशसंश्लेषणाचा आहे."

"रोप एकच आहे ना गं?"

मी काही बोलले नाही. बऱ्याच वेळानं तिनं लिहिलं, ‘तुटतो, त्या ऊर्जेतून बनतं’. मग ऑक्सिजनपासून मायटोकॉन्ड्रियापर्यंत आडवी रेघ ओढली आणि एकदम म्हणाली, "म्हणजे झाड दिवसापण श्वसन करतंय! मी तर फक्त रात्री करतं असंच धरून चालले होते."

पाठांतर कमी नव्हतंच. दोन धडे तिच्या डोक्यात एकमेकांना न भेटता राहत होते. नवं ज्ञान आधीच्या ज्ञानाला जोडलं तरच टिकतं, हे शिक्षण-मानसशास्त्रज्ञ ऑसुबेल यांचं म्हणणं. त्याच पायावर अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 1972 साली संकल्पना नकाशे आणले, म्हणजे तिनं काढलं तसंच: चौकटींत शब्द आणि जोडणाऱ्या रेघांवर त्यांचं नातं. माझा भर या नकाशांवरच असतो आणि अशा क्षणी तो सार्थ वाटतो.

पालकांनो, तयार नकाशा विकत आणून भिंतीला लावू नका. जोडण्याची मेहनत मुलानंच करायची, तीही पुस्तक मिटून. अक्षर, रंग बघू नका. जिथं रेघेवर शब्द सुचत नाही, तेवढाच भाग पुस्तक उघडून वाचायला सांगा. आठवड्यानं तोच नकाशा कोऱ्या कागदावर पुन्हा काढू द्या. सुरुवातीला एका धड्याला तास-दीड तास जाईल, तेव्हा "अभ्यास सोडून चित्रं काय काढतेस?" असं म्हणू नका. फिजिक्सची गणितं मात्र वेगळी सोडवावीच लागतील.