प्रत्येक सोसायटीसाठी एपीआयमधून वेगळा क्रॉन जॉब बनवावा का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: घोडबंदर रोडवरच्या काही सोसायट्यांना टँकरच्या वेळेचा मेसेज रोज आपोआप जायला हवा. मेसेज पाठवणारी पीएचपी लिंक तयार आहे, पण होस्टिंगवाला क्रॉन, म्हणजे ठरल्या वेळी काम आपोआप चालवायची सोय, देत नाही. वेळ प्रत्येकाची वेगळी, म्हणून बाहेरच्या सेवेत एपीआयमधून (म्हणजे हाताने न भरता, तुमच्या प्रोग्रॅममधून त्या सेवेला सांगून) प्रत्येकीचा जॉब बनवायचा विचार आहे.

बनवता येतो. मी मात्र बनवणार नाही.

आधी बनवायचा कसा ते सांगतो. क्रॉन-जॉब डॉट ऑर्ग ही फुकट सेवा आहे. तिथे एपीआय की काढायची, ऑथरायझेशन हेडरमध्ये बेअरर टोकन म्हणून पाठवायची आणि 'जॉब्स'वर पुट (नवा जॉब बनवायची) रिक्वेस्ट टाकायची. सोबतच्या जेसनमध्ये (माहितीच्या ठरावीक साच्यात) लिंक, टाइमझोन आणि तास, मिनिटं, तारखा, महिने, वार यांच्या याद्या. यादीत उणे १ म्हणजे 'प्रत्येक'. उत्तरात जॉबचा आयडी येतो, पुढे वेळ बदलायची तर त्याच आयडीवर पॅच (बदलाची) रिक्वेस्ट.

टाइमझोनमध्ये आशिया/कोलकाता न विसरता लिहा. ऐरोलीला आमच्या ऑफिसात सकाळी ९ चा रिपोर्ट दुपारी अडीचला आला, तर लॉग उघडायच्या भानगडीत कुणी पडत नाही, कारण तो साडेपाच तासांचा फरक म्हणजे यूटीसी, जागतिक प्रमाणवेळ. एखाद्या सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवरच असेल तर आपल्या ९ साठी क्रॉनच्या ओळीत मिनिटाच्या जागी ३०, तासाच्या जागी ३ आणि पुढे तीन तारे (*), म्हणजे रोज.

आता नको का म्हणतो ते. वेळ दोन ठिकाणी राहते, तुमच्या डेटाबेसमध्ये आणि त्यांच्याकडे. एखादा पॅच फसला की सेक्रेटरींना स्क्रीनवर नवी वेळ दिसते आणि मेसेज जुन्याच वेळेला जातो. मग फोन तुम्हाला! शिवाय त्या एपीआयला दिवसाला १०० रिक्वेस्टची मर्यादा आहे.

त्यापेक्षा दर ५ मिनिटांनी तुमची लिंक उघडणारा एकच जॉब ठेवा. टेबलात सोसायटी, वेळ आणि 'शेवटचा मेसेज कोणत्या तारखेला गेला' एवढे रकाने पुरेत. लिंकने इतकंच शोधायचं, की कुणाची वेळ होऊन गेली आहे आणि आजची तारीख अजून पडलेली नाही. 'वेळ बरोबर आत्ताची' अशी तुलना करू नका, एखादी फेरी चुकली तर तो मेसेज त्या दिवशी गेलाच नाही म्हणून समजा. 'होऊन गेली' असं विचारलंत तर पुढची फेरी तो उचलते.

दोन फेऱ्या एकमेकींवर आल्या तर मेसेज दोनदा जाईल, आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन टँकर येणार म्हणून चर्चा सुरू! म्हणून पाठवण्याआधी 'तारीख आजची नसेल तरच आजची कर' असं अपडेट चालवा. बदललेल्या ओळी १ आल्या तरच मेसेज सोडा, ० आल्या तर दुसऱ्या फेरीने तो घेतलाय. मेसेज सोडताना एरर आला तर तारीख पुन्हा पुसा.

मिनिटं ०, ५, १० अशी घेऊ नका. २, ७, १२ घ्या. पूर्ण तासाच्या ठोक्याला जगभरचे जॉब एकदम सुटतात, सकाळी ९ ला ठाणे स्टेशनच्या पुलावर होतं तसं. फुकट खात्यात उत्तरासाठी ३० सेकंद मिळतात, तेव्हा एका फेरीत थोडेच मेसेज पाठवा, उरलेले पुढच्या फेरीत जातील.

लिंक फक्त पोस्ट रिक्वेस्टला आणि हेडरमध्ये गुप्त टोकन असेल तरच चालू द्या. नुसती उघडली की चालणारी (गेट रिक्वेस्टची) लिंक कुणी व्हॉट्सॲपवर टाकली तरी प्रिव्ह्यूसाठी ती आपोआप उघडली जाते. आणि जॉबच्या सेटिंगमध्ये फेरी फसल्यावर ईमेल पाठवायचा पर्याय आहे, तो चालू करा. सतत फसणारा जॉब ही सेवा स्वतःहून बंद करते, त्याचीही सूचना तिथेच निवडता येते.