आमच्या कॉलेजात कामगार इतिहासावर जाहीर व्याख्यान ठेवायचंय. मुलं मनापासून ऐकतील असं काय करता येईल?

तुम्ही लिहिलंय की तुम्ही कॉमर्स कॉलेजात शिकवता आणि विभागाला १ मेच्या आसपास कामगार चळवळ आणि कामगारांचे हक्क या विषयावर जाहीर व्याख्यान ठेवायचं आहे. गेल्या खेपेला पाहुणे दीड तास बोलले आणि मुलं एकेक करून मागच्या दाराने निघून गेली. शिवाय प्राचार्यांना 'राजकारण नको' ही धास्ती आहे. मी मुंबईत पदवीच्या मुलांना इतिहास शिकवते आणि अशी व्याख्यानं, दिवसभराची खुली सत्रं बरीच वर्षं घेत आलेय. जे उपयोगी पडलं ते सांगते.

१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिली कापड गिरणी काढायला घेतली, इथून सुरुवात केली की मुलं गेलीच म्हणून समजा. सुरुवात त्यांच्या स्वतःच्या पगारापासून करा. कॉमर्सची बरीच मुलं शिकता शिकता कुठे ना कुठे काम करत असतात: मॉलमधलं दुकान, कॉल सेंटर, सीएच्या ऑफिसात आर्टिकलशिप, संध्याकाळी डिलिव्हरी. ज्यांच्याकडे पगाराची स्लिप आहे त्यांना ती आणायला सांगा, नावगाव झाकून. ज्यांच्याकडे नाही त्यांना आईची किंवा वडिलांची आणू दे. एक स्लिप पडद्यावर लावा आणि ओळीओळीने वाचा. पीएफचे १२ टक्के का कापले? ईएसआयचे (कामगार विम्याचे) ०.७५ टक्के कुणाला लागू? बोनस किमान ८.३३ टक्केच का? शंभराला बाराने भागलं की उत्तर मिळतं, म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना. हिशेब करणारी मुलं आहेत ती, चटकन पकडतात. मग सांगा की १९२४ साली मुंबईच्या गिरण्या बोनसच्याच प्रश्नावर जवळपास दोन महिने बंद होत्या. आता ते साल त्यांच्या डोक्यात राहतं, कारण ते त्यांच्या स्लिपवरच्या एका ओळीला चिकटलेलं असतं.

मी बहुतेक वेळा 'पगाराची तारीख' एवढ्या एकाच गोष्टीवर पहिला तास घेते. वेतन संहितेप्रमाणे (पगाराबद्दलचा नवा केंद्रीय कायदा) महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत मिळायला हवा, आणि नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार कामकाजाच्या २ दिवसांत. हे दुसरं वाक्य वाचलं की वर्गात कुजबुज सुरू होते, कारण कुणाचा तरी मागच्या नोकरीचा हिशेब अजून अडकलेला असतोच. तिथून थेट १८८४ ला जायचं. नारायण मेघाजी लोखंडे हे ठाण्यात जन्मलेले, सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर म्हणून काम केलेले, आणि पुढे 'दीनबंधु' या वर्तमानपत्राचे संपादक. २३ सप्टेंबर १८८४ रोजी परळला सुपारीबागेत त्यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली. तिथून निघालेल्या निवेदनावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. मागण्या वाचून दाखवा, त्या अगदी साध्या आहेत: रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार.

मग फळ्यावर प्रत्येक मागणीसमोर ती कायद्यात कधी आली ते साल लिहायचं. साप्ताहिक सुट्टी मुंबईच्या गिरणीमालक संघाने १० जून १८९० ला मान्य केली, पुढच्या वर्षी ती फॅक्टरी कायद्यात आली. त्याआधी २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर १० हजार कामगार जमले होते आणि त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या होत्या. कामावरच्या इजेची भरपाई १९२३ च्या कायद्यात आली. पगाराची तारीख ठरवणारा कायदा झाला १९३६ साली, म्हणजे सभेनंतर ५२ वर्षांनी, तेव्हा लोखंडे जाऊन ३९ वर्षं झाली होती. १८९७ च्या प्लेगात ते गेले. फळ्यावरची ही सालं मुलं मोबाइलमध्ये टिपून घेतात, सांगावं लागत नाही.

यावरूनच तारखेचं सुचवते. १ मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी असते, त्या आठवड्यात परीक्षा चालू असतात किंवा मुलं गावी गेलेली असतात. त्यापेक्षा २३ सप्टेंबर धरा. सत्र चालू असतं, आणि दुसऱ्या दिवशी, २४ सप्टेंबरला, सत्यशोधक समाजाचा स्थापना दिन. मराठी किंवा समाजशास्त्र विभागाला सोबत घेतलंत तर दोन दिवसांचा कार्यक्रम सहज उभा राहतो. बाहेरच्या कामगारांनी यावं असं खरंच वाटत असेल तर मात्र रविवार हवा.

बाहेरच्यांनी यायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. प्राध्यापक बोलणार आणि विद्यार्थी ऐकणार, एवढंच असेल तर तो जादा तास झाला. व्यासपीठावर निदान एक माणूस असा हवा ज्याने ते काम हाताने केलंय. आमच्याकडे एकदा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या खात्यात, काम केलेले एक निवृत्त गिरणी कामगार आले होते. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळून जुना धोटा (मागावर आडवा धागा नेणारं लाकडी साधन) आणला होता, दोन्ही टोकांना लोखंडी टोप बसवलेला, हाताळून गुळगुळीत झालेला. तो त्यांनी तोंडाशी धरला आणि दाखवलं: धोट्यातली कांडी (सुताची रीळ) संपली की नवी घालायची आणि सुताचं टोक धोट्याच्या भोकातून श्वासाने ओढून घ्यायचं. ओठ लावून. मग म्हणाले, "आता सांगा, एकाने तोंड लावलेला धोटा दुसरा तोंडाला लावणार का? आमच्या बापजाद्यांच्या काळात नाही लावायचे. म्हणून साचेखात्यात महारा-मांगाच्या पोराला घेत नव्हते. आणि पगार तर तिथंच जास्त." धोटा त्यांनी पहिल्या रांगेत दिला आणि तो हातोहात शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

जात आणि कामगारवर्ग या विषयावर मी घेतलेल्या कुठल्याच तासाने जे साधलं नसतं ते त्या पाच मिनिटांत झालं. त्यानंतर मला फक्त इतिहास जोडायचा होता. १९२८ चा मुंबईच्या गिरण्यांचा सार्वत्रिक संप सहा महिने चालला, दीड लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, गिरणी कामगार युनियनचा लाल बावटा त्याच वर्षीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच संपात पुढाऱ्यांपुढे हा प्रश्न ठेवला की अस्पृश्य कामगारांना विणकामाची दारं उघडणार की नाही. आणि दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ ला, संपावर बंधनं आणणाऱ्या औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून संप केला. ही दोन सालं शेजारी शेजारी ठेवा. एकजूट आपोआप होत नसते, तिच्या आत आधी भांडावं लागतं, हे मुलांना त्यातून दिसतं.

मानधनाबद्दल एक कळकळीची विनंती आहे. वक्त्या प्राध्यापकाला पाकीट आणि कामगाराला शाल-श्रीफळ, असं कृपा करून करू नका. दोघांना सारखी रक्कम द्या, येण्याजाण्याचं भाडं वेगळं द्या, आणि त्यांचा त्या दिवसाचा रोज बुडत असेल तर तोही भरून द्या. कामगार हक्कांच्या कार्यक्रमात निदान एवढं तरी नीट व्हायला हवं.

तसंच, तुमचं सभागृह झाडणाऱ्या मावशी आणि गेटवरचे वॉचमन कुणाच्या पगारावर आहेत ते आधी विचारून घ्या. बहुतेक ठिकाणी ते ठेकेदाराचे असतात. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात होती आणि नव्या संहितेतही आहे. म्हणजे तुमच्या आवारात ती जबाबदारी कॉलेजची. हे त्या लोकांसमोर बोललं गेलं पाहिजे, म्हणून वेळ त्यांची पाळी सुटते तेव्हाची धरा आणि त्यांना नुसतं खुर्च्या लावायला न बोलावता खुर्चीत बसायला बोलवा. आमच्याकडे एका मावशींनी विचारलेला प्रश्न, "बाळंतपणाची रजा आम्हाला मिळते का?", हा त्या दिवसाचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न ठरला. त्यावरून १९२९ चा मुंबई प्रांताचा प्रसूती लाभ कायदा, त्या विधेयकाला १९२८ साली विधिमंडळात आंबेडकरांनी दिलेला पाठिंबा, १९६१ चा देशव्यापी कायदा, २०१७ पासूनचे २६ आठवडे असं सगळं ओघात आलं, आणि मुलींनी तो धागा शेवटपर्यंत सोडला नाही.

दिवसभराचं सत्र घ्यायचा विचार असेल तर टीच-इन (भाषणं आणि चर्चांचं लांबलचक खुलं सत्र) या पद्धतीचा उगम माहीत असू द्या. मार्च १९६५ मध्ये अमेरिकेत ॲन आर्बरच्या मिशिगन विद्यापीठातल्या प्राध्यापकांना व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ एक दिवस वर्ग बंद ठेवायचे होते. त्यावर गदारोळ झाला, तेव्हा त्यांनी वर्ग बंद न ठेवता रात्रभर जादा वर्ग घेतले, आणि हजारो विद्यार्थी पहाटेपर्यंत बसले. कामगारांच्या विषयावर तसंच मोठं सत्र ऑक्टोबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात झालं. तिथे इतिहासाचे, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक आणि अमेरिकेतल्या कामगार महासंघाचे अध्यक्ष जॉन स्वीनी एकाच कार्यक्रमात बोलले. आपल्याकडे याची स्वतःची परंपरा आहेच. परळचा दामोदर हॉल, ना. म. जोशींच्या सोशल सर्व्हिस लीगच्या रात्रशाळा, अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक. गिरणगावात शिकणं आणि करमणूक एकाच फडात चालायची. म्हणून भाषणं वीस-वीस मिनिटांची ठेवा आणि मध्ये एखाद्या शाहिराला बोलवा. दीपप्रज्वलन, परिचय आणि सत्कार यांत अर्धा तास घालवू नका, मुलं तिथेच हातची जातात.

१९८२ चा मुंबईच्या गिरण्यांचा संप कार्यक्रमाच्या शेवटाकडे ठेवा. बहुतेक वक्ते थेट तिथे पोचतात आणि सगळा इतिहास एका पराभवाची कहाणी होऊन बसतो. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास कामगार युनियन नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडले, तो संप रीतसर कधी मागेही घेतला गेला नाही, हे सांगायचंच. पण सोबत हेही सांगा की १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने वाटाघाटीचा हक्क एकाच मान्यताप्राप्त युनियनला दिला होता, आणि बहुसंख्य कामगार जिच्या मागे नव्हते तिच्याशीच मालक कायद्याने बोलू शकत होते. आणि बदली कामगारांबद्दल सांगा. रोज सकाळी गिरणीच्या दारात उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर काम, नाहीतर घरी. त्यांना कायम करा ही त्या संपातली एक मोठी मागणी होती. इथे डिलिव्हरी करणारं एखादं पोर हमखास हात वर करतं. त्याला बोलू द्या. कंपनी त्याला 'पार्टनर' म्हणते, म्हणून पगाराच्या ७ तारखेचा नियम त्याला लागू नाही. सामाजिक सुरक्षा संहितेत त्याची व्याख्या पहिल्यांदा आली आणि कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के निधीत भरायची तरतूद झाली, पण किमान वेतनाचं काय, हा त्याचा प्रश्न उरतोच. मुंबईतल्या फिनिक्स मिल आणि कमला मिल या जुन्या गिरण्यांच्या आवारात पार्सल घ्यायला उभी राहणारी ही मुलं आहेत. त्यांना तिथे पूर्वी काय होतं हे माहीत असण्याचा हक्क आहे.

प्राचार्यांना सांगा की चारही कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्यात आणि कॉमर्सच्या मुलांना त्या कळायलाच हव्यात. उद्या हीच मुलं कुठेतरी एचआरमध्ये बसून दुसऱ्यांचे पगार काढणार आहेत. संविधानाचं कलम १९ संघटना करण्याचा हक्क देतं, कलम ४२ कामाच्या न्याय्य परिस्थितीबद्दल आणि प्रसूती साहाय्याबद्दल बोलतं. कामगार आयुक्तालयातले एक अधिकारी, एक कामगार कायद्याचे वकील, युनियनचे एक कार्यकर्ते आणि कारखान्याचे एक व्यवस्थापक अशा चौघांना एकत्र बसवा. नव्या संहितांवर त्यांचे मतभेद होतील, ३०० पेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला परवानगीशिवाय कामगार कमी करता यावेत का यावर तर होतीलच, आणि ते मुलांसमोर व्हावेत. फक्त पक्षाचं पद असलेल्या कुणाला अध्यक्षस्थान देऊ नका, मग प्राचार्यांची धास्ती निम्मी कमी होते.

शेवटी, प्रश्न कागदावर लिहून घ्या. पगार थकलेला मुलगा किंवा मुलगी भर सभेत उभी राहून ते सांगत नाही, चिठ्ठीत लिहिते. आम्ही दाराशी एक पेटी ठेवतो, वकिलांकडून उत्तरं लिहून घेतो आणि नावं न घालता ती नोटीस बोर्डावर लावतो. ज्या प्रकरणात तक्रार करण्यासारखं काही असेल तिथे कामगार आयुक्तालयात अर्ज कसा द्यायचा, सोबत काय जोडायचं (नेमणुकीचं पत्र, बँकेचं स्टेटमेंट, हजेरीचा काही पुरावा, अगदी व्हॉट्सॲपवरचे ड्युटीचे मेसेजसुद्धा) हे मुलांना एका टेबलावर बसून दाखवतो. तुमच्या इथल्या कार्यक्रमाची रूपरेषा ठरली की या उत्तराखाली लिहा. वक्ते आणि वेळ कशी बसवायची ते मग नेमकं सुचवता येईल.